शिकवणाऱ्या इमारती : रीगलपासून राणीच्या बागेपर्यंत

शुक्रवार

रीगल थिएटरच्या चौकात बसमधून उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी, माझी भाची सई आणि आत्या. मी आणि सई कराडच्या. आत्या ठाकुरद्वारच्या चाळीत पन्नासएक वर्षं राहणारी, पक्की गिरगावकर. सई नववीत आहे. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, आता इंटरमिजिएटच्या मागे लागली आहे. तिला चित्रं बघायची होती आणि मला इमारती. मी शाळेत इतिहास शिकवते, आणि मुंबईबद्दल माझ्या डोक्यात बरेच दिवस एक विचार घोळतो आहे : या शहरात शाळा आणि संग्रहालय ही दोन वेगळी खाती कधीच नव्हती. एकाच देणगीतून, एकाच गवंड्यांच्या हातून, कित्येकदा एकाच मास्तरांच्या देखरेखीखाली ती उभी राहिली. पुस्तकात वाचलेलं ते पायाखाली घालून बघायचं होतं.

सुरुवात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयापासून केली, कारण शिक्षणासाठी बांधलेल्या वास्तूचं संग्रहालय कसं होतं, याचं मुंबईतलं ठळक उदाहरण म्हणजे हीच इमारत. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘कावसजी जहांगीर हॉल’. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्हणजे आजची विज्ञान संस्था, बांधायची ठरली तेव्हा तिच्याच संकुलाचा भाग म्हणून हे सभागृह आखलं गेलं. १९११ साली कामाला हात लागला. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्यांचंच, चार पावलांवरचं गेटवे ऑफ इंडिया त्यांचंच, परळचं केईएम रुग्णालयही त्यांचंच. चौकात उभं राहून एका माणसाच्या हातचं इतकं काम नजरेच्या टप्प्यात येतं, अशी जागा दुसरीकडे मिळणं कठीण.

विज्ञान संस्थेची कल्पना तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, म्हणजे पुढचे लॉर्ड सिडनहॅम, यांची. वाणिज्य शिक्षणाचं सिडनहॅम कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. पण पैसा गावकऱ्यांचा. देणगीदारांची नावं मी सईला मुद्दाम मोठ्याने सांगितली : सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहीम, वसनजी मूळजी. एक पारशी, एक ज्यू, एक खोजा मुसलमान, एक जैन. मुलांनी विज्ञान शिकावं म्हणून या चौघांनी एकाच ठिकाणी पैसे घातले. वसाहतीच्या काळातली इमारत म्हटलं की सगळं साहेबाचं असं आपण धरून चालतो. मुंबईत ते खरं नाही. नकाशा साहेबाचा, दगड इथला, घाम इथला आणि बहुतेक वेळा थैलीही इथलीच. वर्गात शिकवताना मी हे ठासून सांगते, आणि इथे उभं राहून सांगताना त्याला वेगळंच बळ आलं.

महायुद्ध आडवं आलं, कामं रेंगाळली. संस्था सुरू झाली १९२० मध्ये. होमी भाभा केंब्रिजला जाण्याआधी इथे शिकले. आणि माझ्या दृष्टीने त्याहून जवळचं नाव म्हणजे कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला, तर हट्टाने ठाण मांडून तो मिळवला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं. आणि पुढे याच विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. सईला हे नाव माहीत नव्हतं. माझ्या वर्गातल्याही फार थोड्या मुलींना ते माहीत असतं. संस्थेच्या दगडी भिंतीकडे बोट दाखवून मी म्हटलं, “इथे बसून त्या कारभार बघायच्या.” सईने मान वर करून खिडक्या मोजायला सुरुवात केली.

आत्या मात्र हॉलच्या दाराकडे बघत होती. “अगं, इथे मी चपला घेतल्यात!”

मला आधी वाटलं, ती गंमत करते आहे. पण नाही. या सभागृहाने एकेकाळी संगीताच्या मैफली, मोठमोठ्या सभा, चित्रप्रदर्शनं पाहिली. १९५२ मध्ये पलीकडे जहांगीर आर्ट गॅलरी उघडली, शहरात नवी नाट्यगृहं झाली, आणि या जागेची रया गेली. मग मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नं, चामड्याच्या वस्तूंचे सेल, जो भाडं भरेल त्याला हॉल. “तुझ्या काकांच्या युनियनची सभा इथेच व्हायची,” आत्या म्हणाली. “मी खाली थांबायचे. एकदा सभा लांबली, तर समोरच्या फुटपाथवर भुईमुगाच्या शेंगा खात बसले. सेल लागला की मात्र आत. वर पंखे फिरायचे आणि आवाज नुसता घुमायचा.”

आवाज घुमायचा, हे महत्त्वाचं. कारण आज आत गेलं की तो घुमत नाही. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केमोल्ड गॅलरीचे केकू गांधी यांनी ही वास्तू कलेसाठी मिळावी म्हणून पाठपुरावा केला. सरकारदरबारी आणि बांधकामात वर्षानुवर्षं गेली, आणि १९९६ मध्ये इथे संग्रहालय सुरू झालं. वास्तुरचनाकार रोमी खोसला यांनी बाहेरचं कवच जसंच्या तसं ठेवलं आणि आत पूर्णपणे नवी रचना बसवली : एकावर एक पाच पातळ्यांवर अर्धगोलाकार दालनं, त्यांना जोडणारा वळणावळणाचा जिना.

या जिन्यावर आम्ही बराच वेळ घालवला. खालच्या दालनात शिरलं की बाहेर केवढी मोठी इमारत आहे, हे विसरायला होतं. छत जवळ येतं, भिंत वळत जाते, चित्रं एकेक करून समोर येतात. एक वळसा संपला की जिना, की पुन्हा वळसा. प्रत्येक मजल्यावर आपण आधीच्याच जागेच्या वर आलेलो असतो, पण खाली वाकून पाहिलं की मघाचं चित्र वेगळ्याच कोनातून दिसतं. सईने ते लगेच ओळखलं आणि तीन मजल्यांवरून एकच शिल्प बघून आली. सगळ्यात वर घुमटाखाली पोचलं की श्वास मोकळा होतो. इथे प्रथमच अंदाज येतो की मूळ सभागृह केवढं असेल.

खोसलांच्या कामाबद्दल माझं मत सांगते. चित्रांच्या बाजूने पाहिलं तर काम उत्तम आहे : उन्हापासून संरक्षण, सलग भिंत, चालण्याला दिशा. सभागृहाच्या बाजूने पाहिलं तर सभागृह गेलं. हजारो माणसांनी ज्या पोकळीत बसून भाषणं ऐकली, ती पोकळीच भरून गेली. हॉल तसाच ठेवला असता तर तो सेल आणि लग्नं यांतच झिजून पडला असता, त्यामुळे जे झालं ते बरंच झालं असं मी मानते. पण आता जे उरलं आहे, ते सांगण्यात आपण कमी पडू नये. इमारतीचा पूर्वीचा जन्म हाही संग्रहालयातलाच ऐवज आहे. पहिल्या मजल्यावर एक भिंत या हॉलच्या जुन्या छायाचित्रांना, युनियनच्या हँडबिलांना, मैफलींच्या तिकिटांना मिळाली, तर आत्यासारख्या किती जणी घरातल्या ट्रंका उघडतील. अशा वस्तू अजून मुंबईच्या चाळींत आहेत. आणखी वीस वर्षांनी नसतील.

बाहेर पडून काळा घोड्याच्या दिशेने चालत निघालो. वाटेत एल्फिन्स्टन कॉलेजची गॉथिक इमारत. जेम्स ट्रबशॉ यांचा आराखडा, प्रत्यक्ष काम खानबहादूर मंचरजी मर्झबान यांच्या देखरेखीखालचं. हीही कावसजी जहांगीर यांच्या नावाची. पण हे कावसजी आधीच्या पिढीतले, ‘रेडीमनी’ म्हणून ओळखले जाणारे, आणि हॉल देणारे त्यांचे दत्तक वारस. पुढे त्याच घराण्याने जहांगीर आर्ट गॅलरी दिली. म्हणजे कॉलेज, सभागृह आणि कलादालन, एका घराण्याच्या तीन पिढ्या आणि दहा मिनिटांचं चालणं. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये याच कॉलेजातून बी. ए. झाले. या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागारही आहे, त्यामुळे एका अंगाला मुलं वर्गात आणि दुसऱ्या अंगाला संशोधक जुन्या दप्तरांवर वाकलेले. मला तर ही व्यवस्था फार आवडते.

काळा घोड्याच्या चौकात आता नुसता घोडा आहे, स्वार नाही. “याच्यावर बसलेला माणूस कुठे गेला?” सईने विचारलं. तो रविवारी भेटेल, एवढंच सांगितलं.

शनिवार

आजचा दिवस जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा. आत्या घरीच राहिली. गुडघे बोलत होते.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने गेलो, ते मुद्दाम. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ मधली. गर्दी एवढी की वर बघायला कुणाला फुरसत नाही. पण दाराच्या वर, कमानीच्या पोटात दगडात कोरलेली माणसं आहेत : शेतकरी, मंडईला येणारी कष्टाची माणसं. फळांच्या पाट्या, हातगाड्या आणि “बाजू, बाजू” अशा ओरड्यात आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभ्या राहिलो आणि ती पाहिली. खालची माणसं आणि वरची माणसं यांचं काम अजून एकच आहे. हा कोरीव पट जॉन लॉकवुड किपलिंग यांचा. रस्त्यापलीकडच्या चित्रशाळेत वास्तुशिल्प शिकवायला ते १८६५ मध्ये आले होते. मास्तरांनी शाळेसमोरच्या मंडईवर काम करून ठेवलं आहे, आणि विद्यार्थ्याला दाखवायला रस्ता ओलांडण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार म्हणजे त्या गोंगाटातून आत वळल्यावर एकदम झाडी. आत जायला परवानगी लागते. आत्याच्या चाळीतला एक मुलगा तिथे शेवटच्या वर्षाला आहे, त्याने प्रवेशद्वारापाशी सगळं नीट मार्गी लावलं.

या शाळेची कथा १८५३ पासून सुरू होते. सर जमशेटजी जीजीभाई यांनी चित्रकला आणि कारागिरीच्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. १८५७ मध्ये शाळा सुरू झाली ती एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत. स्वतःची इमारत मिळायला वीस वर्षं लागली : १८७८, वास्तुरचनाकार जॉर्ज ट्विग मोलेसी. उंच छताचे वर्ग, मोठाल्या खिडक्या, चित्र काढणाऱ्याच्या कागदावर भरपूर उजेड पडावा अशी योजना. आजही त्या वर्गांत मुलं ईझल मांडून उभी असतात. दीडशे वर्षं एका इमारतीचा उपयोग बदललेला नाही, ही गोष्ट मला कुठल्याही संग्रहालयाहून मोठी वाटते.

सईसाठी मात्र हे आवार वेगळ्या कारणाने देवस्थान आहे. कला संचालनालय याच आवारात आहे. तिच्या एलिमेंटरीच्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव आहे. महाराष्ट्रात ज्याने ज्याने शाळेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखनाचा पेपर दिला, पट्टीने रेघा मारून अक्षरं भरली, पोस्टर कलरचा डाग पडला म्हणून रडं कोसळलं, त्या सगळ्यांचा या आवाराशी धागा आहे. ग्रामीण भागातली कित्येक मुलं आयुष्यात एकदाच चित्रकलेची परीक्षा देतात, ती हीच. सईने पाटीसमोर फोटो काढून घेतला आणि तिच्या ड्रॉइंगच्या सरांना तिथूनच पाठवला. सरांचं उत्तर पाच मिनिटांत आलं : “सावलीचा अभ्यास कर. तिथली झाडं चांगली आहेत.” तिने खरंच वही काढली. मी मग अर्धा तास झाडाखालच्या कट्ट्यावर बसून होते.

समोर तो लाकडी बंगला दिसत होता, जाळीदार सज्जांचा, हिरव्या रंगाचा. लोक त्याला किपलिंगचा बंगला म्हणतात. लॉकवुड यांचा मुलगा, ‘जंगल बुक’चा लेखक रुडयार्ड किपलिंग, ३० डिसेंबर १८६५ रोजी या आवारात जन्मला. तशी पाटी आणि त्याचा अर्धपुतळाही तिथे आहे. पण तो ज्या घरात जन्मला ते घर पाडून त्या जागी नंतर हा बंगला झाला, आणि इथे शाळेचे अधिष्ठाते राहायचे. या बंगल्याचं संग्रहालय करायचं, ही चर्चा कैक वर्षांची.

इथे मला मनापासून काही म्हणायचं आहे. संग्रहालय जरूर व्हावं. पण किपलिंग पितापुत्रांचं नव्हे, शाळेचं व्हावं. ज्या मुलाने आयुष्याची पहिली काही वर्षं इथे काढली आणि पुढे साम्राज्याचे गोडवे गायले, त्याच्यासाठी जगात इतरत्र जागा आहेत. इथल्या मुलांसाठी ही एकच जागा आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरहून १८९० मध्ये इथे आले, विद्यार्थी म्हणून शिरले ते शिक्षक होऊन एक्केचाळीस वर्षं इथेच राहिले. त्यांची मुलगी अंबिकाही इथेच चित्रकला शिकली. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये इथे दाखल झाले. भारतीय सिनेमाची पहिली रेघ म्हणायची तर ती इथल्या ड्रॉइंगच्या वर्गात ओढली गेली. गणपतराव म्हात्रे यांनी विशी गाठण्याच्या सुमारास देवळाकडे निघालेल्या मराठी तरुणीचा पुतळा केला, ‘मंदिरपथगामिनी’, आणि तो पाहून इंग्रज समीक्षकही थक्क झाले. सा. ल. हळदणकर? त्यांची जलरंगातली माणसं अजून बोलतात. या सगळ्यांचे विद्यार्थीदशेतले कागद, खोडलेल्या रेघा, मास्तरांचे शेरे असं काही एका बंगल्यात मांडलं, तर कराडची नववीतली मुलगी तिथून काय घेऊन जाईल याची मला कल्पना आहे.

आणि अजिंठा. शाळेतले मास्तर जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांच्या तुकड्या अजिंठ्याला नेल्या आणि भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. लेण्यांतल्या अंधारात उजेड आत वळवून, परांच्यांवर चढून, मुलांनी हे काम हंगामामागून हंगाम केलं. नकला लंडनला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. पण तेरा वर्षं अजिंठ्याची रेघ घोटणाऱ्या मुलांच्या हातात ती रेघ बसली, ती थोडीच जळते? शाळेच्या कुंभारकाम विभागातल्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी उतरली. ती भांडी कुठे बघायला मिळतात, तर भायखळ्याला. म्हणजे उद्या.

परत निघताना सईच्या वहीत झाड होतं, सावलीसकट.

रविवार

रविवारची राणीची बाग म्हणजे जत्रा. पेंग्विन बघायला आलेली कुटुंबं, फुगेवाले, काकडीवाले. आत्या आज आली, कारण राणीच्या बागेला ती कधीच नाही म्हणत नाही. बाग १८६२ मधली. तिच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. दर रविवारी हजारो माणसं त्याच्या शेजारून प्राण्यांकडे जातात आणि त्यांतली फार थोडी आत वळतात. वळावं.

ही इमारत शाळा म्हणून बांधलेली नाही. तरीही मी ती या फेरीत धरली, कारण जे. जे.च्या शाळेवाचून हे संग्रहालय आज आहे तसं झालं नसतं. आधी थोडं मागचं. फोर्टातल्या जुन्या बराकींत १८५०च्या दशकात इथल्या कारागिरीचे, खनिजांचे, शेतमालाचे नमुने जमवून एक संग्रह मांडला होता. १८५७ च्या धामधुमीत बराकी लष्कराला हव्या झाल्या आणि त्या वस्तूंची पार आबाळ झाली. मग संग्रहाचे अभिरक्षक (क्युरेटर) जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी नव्या इमारतीसाठी वर्गणी उभारली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. कापसाच्या तेजीचे दिवस होते, पैसा वाहत होता; १८६५ मध्ये तेजी कोसळली आणि काम अडलं. उघडायला १८७२ उजाडलं. नाव तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. भाऊ दाजींचं नाव १९७५ मध्ये दिलं गेलं.

भाऊ दाजी स्वतः शाळेचीच देणगी. गोव्यातल्या मांद्र्याचा मुलगा, एल्फिन्स्टनमध्ये शिकला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत १८५१ मध्ये डॉक्टर झाला. दवाखाना, शिलालेखांचं वाचन, मुलींच्या शिक्षणाला मदत, शहराचं शेरीफपद. पन्नाशी ओलांडताच गेला. आत्याला हे नाव फक्त बसच्या पाटीवरून माहीत होतं. “एवढा मोठा माणूस होता होय!” ती म्हणाली, आणि पुतळ्यांपेक्षा त्यालाच जास्त वेळ नमस्कार केला.

आत पाऊल टाकलं की पहिली नजर रंगावर जाते. फिकट हिरव्या भिंती, ओतीव लोखंडाचे खांब, सोन्याचा मुलामा, पायाखाली नक्षीच्या फरश्या. पडझडीच्या अवस्थेतल्या या वास्तूचं मुंबई महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जतन केलं. २००५ मध्ये युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च पुरस्कार दिला आणि २००८ मध्ये दालनं पुन्हा खुली झाली. महापालिकेच्या ताब्यातली इमारत अशीही होऊ शकते, हे मुंबईकराने डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

आता शाळेचा धागा. सेसिल बर्न्स हे जे. जे.चे प्राचार्य आणि त्याच काळात या संग्रहालयाचे अभिरक्षकही. त्यांच्यानंतर संग्रहालय अर्नेस्ट फर्न यांनी सांभाळलं. सकाळी शाळेत मुलं घडवायची, आणि त्यांच्या हाताचं काम भायखळ्याच्या कपाटात मांडायचं, असा तो सरळ रस्ता होता. म्हणून इथे राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा साध्या माणसांच्या मातीच्या प्रतिकृती जास्त : वेगवेगळ्या जातीजमातींचे पोशाख, पगड्या, धंदे, खेड्यातले प्रसंग. इंग्रजांना रयतेची वर्गवारी करून कपाटात लावायची होती, हा त्यातला हेतू लपत नाही आणि तो मुलांना सांगायलाच हवा. पण करणारे हात त्याच रयतेचे होते.

एका कपाटाशी आत्या थबकली. वीतभर उंचीची बाई, नऊवारीतली. काचेला नाक लावून तिने काष्ट्याची घडी तपासली. “ज्याने केली ना, त्याने आपल्या आईला नेसताना पाहिलंय. नुसतं बघून हा ओचा जमत नाही.” सई वहीत तो ओचा उतरवून घ्यायला बसली. मागे फिरून आम्ही ‘बॉम्बे स्कूल’ची, म्हणजे जे. जे.ची, भांडी शोधली, निळ्या-तपकिरी चकाकीची, अजिंठ्याच्या नक्षीची. कालची गोष्ट डोळ्यांसमोर आली तेव्हा सईने स्वतःहूनच ग्रिफिथ्सचं नाव घेतलं. मला मास्तरीण म्हणून याहून वेगळं काही नको होतं.

बाहेर आवारात घारापुरीचा दगडी हत्ती. तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तुटला, त्याचे तुकडे इथे येऊन पडले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. ज्या बेटाला एलिफंटा हे नाव याच्यामुळे पडलं, त्या बेटावर आता हा नाही. आणि शेजारी, शुक्रवारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर : काळ्या घोड्यावर बसलेले सातवे एडवर्ड. १९६५ मध्ये त्यांना चौकातून हलवून इथे आणलं. सईने फेरी मारून पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, घोडा जास्त चांगला केलाय.” ते खरंच आहे.

मग आत्याच्या आग्रहाखातर पेंग्विन.

सोमवार

आमची परतीची गाडी रात्रीची. दिवसभर पाऊस लागून राहिला, त्यामुळे गिरगावातच रेंगाळलो : कोथिंबीर वडी, आत्याच्या शेजारणींच्या भेटी, थोडी खरेदी. संध्याकाळी वेळ काढून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लवकर पोचलो, कारण जे. जे.च्या मुलांचं सगळ्यात मोठं प्रदर्शन या स्थानकाच्या अंगावर आहे आणि ते चोवीस तास, विनातिकीट उघडं असतं.

फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी हे स्थानक उभारलं १८७८ ते १८८७ या काळात. घुमटावरच्या ‘प्रगती’सारखे मोठे पुतळे थॉमस अर्प या इंग्लिश शिल्पकाराचे. पण पानं, फुलं, पक्षी, प्राणी, खांबांच्या माथ्यावरची नक्षी, लोखंडी कामाचे नमुने यांत ग्रिफिथ्सच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. उपनगरी तिकिटांच्या दालनात रांगेच्या बाजूला उभं राहून आम्ही वर पाहत राहिलो. ताऱ्यांचं छत, खांबांवर पानांचे झुबके, आणि दोन पानांतलं एकही दुसऱ्यासारखं नाही. बाहेरच्या भिंतीवर पिसारा फुलवलेला मोर. सईला मोर आधी दिसला, मग माकड, मग घुबड. लोक धक्का देत जात होते. एक बाई थांबली, आम्ही कशाकडे बघतो आहोत ते तिनेही पाहिलं, आणि “रोज इथून जाते, कधी बघितलं नव्हतं” म्हणत पाच-दहची लोकल गाठायला पळाली.

मोर कुणी कोरला, ते नाव कुठे कोरलेलं नाही. त्याच मुलांचा एक समकालीन मात्र आपल्याला नावानिशी माहीत आहे : मुकुंद रामचंद्र, सरकारी बांधकाम खात्यातले अभियंते. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे त्यांनी घडवले. ते इतक्या उंचीवर आहेत की दुर्बिणीशिवाय नीट दिसत नाहीत. आत्याच्या शेजारच्या घरात दुर्बीण आहे, असं सईने दुपारीच काढून ठेवलं होतं. दिवाळीच्या सुटीत ती मागून घ्यायची आणि ओव्हल मैदानाच्या बाजूने एकेक पुतळा वहीत उतरवायचा, असं तिचं ठरलं आहे. तोवर इंटरमिजिएटचा निकाल लागो न लागो.